उखळातल्या सहा शिश्या

१

तुकडे एकंदर चारशे सदतीस होते. मसुरीच्या डाळीहून बारीक चुरा यात धरलेला नाही. तो मी वेगळ्या कागदावर काढला. काचेच्या बुचांचे वरचे गड्डे सहा. गळे सहा, त्यांतले दोन उभे चिरलेले. चौकोनी तळांचे कोपरे चोवीस. म्हणजे शिश्या सहाच होत्या आणि सहाही पूर्ण फोडलेल्या होत्या. एकशे नऊ तुकड्यांवर कोरीव काम होतं : वेलीची पानं, कुठे हरणाचा पाय, एका तुकड्यावर हरणाचं अख्खं तोंड.

हे सगळं धनीरामनं जुन्या पोत्यात बांधून सायकलवर आणलं होतं. धनीराम आमच्या मँगनीज खाणीत ड्रिलवर होता आणि मी तिथल्या प्रयोगशाळेत खनिज तपासायचो. बी.एस्सी. होऊन मला दोनच वर्षं झाली होती. हा १९८२चा मार्च.

"साहेब, खरं हाय का खोटं, एवढंच सांगा," तो म्हणाला.

त्याची बहीण वच्छला आंबागडला कृष्णराव सेलोकरांच्या घरी दिलेली. नवरा वारला, मागे एक मुलगी. सेलोकरांकडे पिढीजात सात कोरीव शिश्या होत्या. किल्ल्यावरच्या कचेरीत असलेल्या कोणा पूर्वजाला त्या बक्षीस मिळाल्या, असं घरात सांगत. एक देव्हाऱ्यात गंगाजळ भरून ठेवलेली. ती विकायची नव्हती. उरलेल्या सहा वच्छलाच्या खोलीत, खिडकीतल्या फळीवर. दिवाळीनंतर नागपूरचे जुन्या वस्तूंचे व्यापारी लक्ष्मणराव यांनी त्या सहा पाहिल्या आणि अस्सल ठरवल्या. फेब्रुवारीत न्यायला आले तेव्हा पाहताक्षणी म्हणाले, या नकली आहेत.

खोली वच्छलाची. किल्ली तिच्या कमरेला.

"मग फोडल्या कोणी?" मी विचारलं.

"तिनंच. सासऱ्यानं तिच्याच हातानं कुटाले लावल्या. उखळात, मुसळ देऊन. सोयरे बोलावले होते जी, चहा पाजला सर्वाइले."

"कशासाठी?"

"खोटी काच घरात नाही पाहिजे म्हणे. आता म्हणून राहिले, तू एकटी मायेरी जा. तीन एकराचा वाटा तू खऱ्या शिश्या इकून खाल्ली. आन् पोरगी आमची होय, ते इथंच राहीन."

मी तुकड्यांची शेवटची ओळ लावत होतो. एका बुचाच्या कडेला गव्हाच्या दाण्यापेक्षा लहान अशी खोच रिकामी होती. चुऱ्यात तिच्यात बसणारं काही मिळेना.

"एक तुकडा कमी आहे," मी म्हणालो.

धनीरामनं मान खाली घातली. "तो तिच्या डोळ्यात हाय."

२

सेलोकरांचं अंगण सारवलेलं होतं. विहिरीजवळ धानाच्या तुसाच्या राखेचा ढीग, त्यावर चिंचेचा चोथा, आणि ओट्यावर पाण्याचे पितळी गुंड एकावर एक रचलेले. गोदावरीबाईंनी, म्हणजे वच्छलाच्या सासूनं, मला पाणी दिलं त्या लोट्यात माझं तोंड दाढीच्या खुंटांसकट दिसत होतं. उखळ ओसरीच्या कोपऱ्यात पुरलेलं होतं. त्यावर पाटा उलटा घातला होता.

"हे आले काचवाले डॉक्टर," कृष्णरावांचा धाकटा मुलगा जागेश्वर म्हणाला. "काच मेली साहेब. आता कायची नाडी पाहता?"

"मेल्यावरच चिरतात," कृष्णराव म्हणाले. साठीचा, उंच, धोतराची घडी न मोडणारा माणूस. "पाहू द्या त्याले. मी अन्यायाचा माणूस नोहो. काच खरी निघाली त वच्छला पोरीले घेऊन इथंच राहीन, वाटा घेईन. खोटी निघाली त एकटी जाईन. चार माणसांत बोललो आहे."

"तिच्या डोळ्याला डॉक्टरांनी पाहिलं?"

"तुमसरच्या कंपाउंडरनं पाहिलं. भंडाऱ्याले न्या म्हणते. आधी निकाल, मग दवाखाना."

"तोपर्यंत डोळा जाईल."

"शिश्या गेल्याच ना?"

वच्छला आतल्या खोलीत बसली होती. उजव्या डोळ्यावर लुगड्याच्या फडक्याची पट्टी. खिडकी पूर्वेची, उघडी. समोर झाड नाही. फळीवर सहा चौकोनी खुणा होत्या, भोवतीचं लाकूड उन्हानं पांढरं पडलेलं.

"बसा जी," ती म्हणाली. "एकाच डोळ्यानं पाहून राहिली, तुमी अर्धेच दिसता. निकाल तरी पुरा द्या."

"धनीराम घेऊन जाईल तुम्हाला भंडाऱ्याला. जात का नाही?"

"उंबरठा ओलांडला की पोरगी गेली. मामाजीनं सांगून ठेवलं हाय."

"ही खोली तुमच्याशिवाय कोण उघडत होतं?"

"कोणीच नाही. खळ्यावर जायची तेव्हा चाबी आत्याबाईजवळ देत जाऊ. पोरगी शाळेतून येऊन इथं झोपे." तिनं पट्टी सारखी केली. "आत्याबाईवर नका जाऊ जी. त्यायले शिश्या इकून काय करायच्या? त्यायनं आयुष्यभर घासलंच हाय फक्त."

देव्हाऱ्यातली सातवी शिशी मी दुरूनच पाहिली. वेल, हरीण, सगळं तेच. मात्र तिच्या कोरीव रेघांत सोनेरी रंग होता. पोत्यातल्या एकशे नऊ तुकड्यांपैकी एकावरही सोनं नव्हतं.

निघताना जागेश्वर फाटकापर्यंत आला. "मी नागपूरले जातो, माझ्यावरच पहिला डोळा ठेवसान ना?"

"जाता कशाला?"

"वकिलापाशी. वयनीचा वाटा माझ्या नावावर व्हाव म्हणून. लपवून कायले ठेवू? पण शिश्या मी नाही बदलल्या. मले बदलायची गरजच नाही पडली, साहेब."

ते खरं असावं असं मला वाटलं, आणि ऐकून बरं वाटलं नाही.

३

लक्ष्मणरावांचं दुकान नागपूरला महालात होतं. पंखा, समया, तोडे, मोडक्या बंदुका. ते मला पाहून घाबरले नाहीत, वैतागले.

"मी नकली म्हटलं. कुटा म्हटलं नव्हतं."

"नकली म्हणून कमी भावात मागितल्या असतील?"

"अरे बाबा, मी हातसुद्धा लावला नाही. गाडीभाडं माझंच बुडालं. त्यांनाच विचार."

मी आधीच विचारलं होतं. ते खरं होतं. शिश्या स्वस्तात पाडून घ्यायच्या असत्या, तर हा माणूस रिकाम्या हातानं परतला नसता.

"दिवाळीनंतर काय पाहिलं होतं?"

"कोरीव रेघांत सोन्याचं काम. जुनं, कुठंकुठं उडालेलं. पांढरा कागद मागं धरला तर खिडकीकडच्या बाजूला किंचित जांभळी झाक. अंग गुळगुळीत. असा माल मी दहा वर्षांत पाहिला नव्हता."

"आणि फेब्रुवारीत?"

"सोनं नाही. अंगभर बारीक ओरखडे, सगळ्या दिशांनी. नवी काच जुनी दाखवायची तर लोक वाळूनं घासतात, तसे. आणि रेघांच्या तळाशी पांढरी पूड अडकलेली. घासणाऱ्यानं नीट धुतलंसुद्धा नव्हतं."

"जांभळी झाक?"

"ती नाही पाहिली. ओरखडे दिसल्यावर कागद कशाला धरू?" त्यांनी चष्मा काढला. "तू तपास कर. पण वाळूनं घासलेली शिशी म्हणजे नकली शिशी. माझं आयुष्य यात गेलं."

मी खिशातून हरणाचं तोंड असलेला तुकडा काढला आणि मागे पांढरा कागद धरला. लक्ष्मणरावांनी चष्मा परत लावला. 

"हा कुठून आणला?" त्यांनी विचारलं.

"उखळातून."

४

जुने काचकार काच नितळ दिसावी म्हणून तिच्यात थोडं मँगनीज घालत. अशी काच वर्षानुवर्षं उन्हात राहिली की तिला जांभळी झाक चढते. ती नागपूरच्या कोणा कारागिराला दिवाळी ते फेब्रुवारी एवढ्या काळात खिडकीत ठेवून आणता येणार नाही. तुकड्यांतून शिश्यांची चोवीस अंगं मी जुळवली. प्रत्येक शिशीच्या एका बाजूला झाक गडद होती, समोरच्या बाजूला फिकी.

मग घनता. तुकडा हवेत तोलायचा, पाण्यात लोंबता तोलायचा. सोड्याच्या नव्या बाटलीचा तुकडा : २.५०. पोत्यातले वीस तुकडे : ३.०५ ते ३.०७. ही शिसं घातलेली जड काच होती.

सातवी शिशी कृष्णरावांनी स्वतः आणली, मांडीवर धरून, बसमधून. गंगाजळ त्यांनी लोट्यात काढलं आणि लोटा खाली ठेवू दिला नाही. शिशी हवेत सहाशे बारा ग्रॅम भरली, पाण्यात चारशे बारा.

"म्हणजे?" त्यांनी विचारलं.

"दोनशे घनसेंटिमीटर. ३.०६. ही आणि पोत्यातली काच एका जातीची आहे."

त्यांनी शिशी पुसून पंचात गुंडाळली. दारातून वळून म्हणाले, "सहाही?"

"सहाही."

त्यांनी वच्छलाच्या डोळ्याबद्दल विचारलं नाही.

राहिले ते ओरखडे आणि ती पूड. पूड मी सुईनं रेघांतून काढली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. वाळूचे दाणे ओळखता येतात. हे दाणे नव्हते. मक्याच्या कणसासारख्या रांगा होत्या, एकीला एक लागून, जळून काळ्यापांढऱ्या झालेल्या. अशा रांगा धानाच्या तुसावर असतात. तूस जळलं तरी त्यातली सिलिका आपला सांगाडा तसाच ठेवते, आणि ती काचेला ओरखडे पाडते. मी खाणीच्या खानावळीतून तूस आणून जाळलं, बुचाच्या आतल्या बाजूचा, सातव्या शिशीसारखा ओरखडे नसलेला एक बारका तुकडा निवडला, आणि राखेनं घासला. तेच ओरखडे आले.

नकली माल करणारा वाळू वापरेल, नाहीतर कारखान्यातली पूड. धानाच्या तुसाची राख चिंचेबरोबर कोण वापरतं, हे आमच्या भागात कोणालाही विचारावं लागत नाही.

मला तो लोटा आठवला.

५

गोदावरीबाई विहिरीवर होत्या. मी शेजारी उभा राहिलो आणि म्हणालो, "शिश्या चांगल्या निघाल्या होत्या का हो घासून?"

त्यांचा हात गुंडावर फिरत राहिला. मग थांबला.

"पाव्हणा येणार होता," त्या म्हणाल्या. "येवढा नागपूरचा माणूस. शिश्या काळवंडून गेल्या होत्या. म्हटली, चकाचक करून ठेवू. घरचं नाव नाही जाव."

"सोनं निघालं तेव्हा कळलं नाही?"

"राखेत पिवळं पिवळं निघालं. मले वाटलं, हळदकुंकवाचं होय, आजेसासूच्या टायमाचं. जोर लावून काढलं." त्यांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. "सर्वाइचं काढलं."

"आणि त्या दिवशी, ओसरीवर? तुम्ही तिथंच होतात."

"मीच सूप धरलं होतं. काच उडून नाही जाव म्हणून."

"बोलला का नाहीत?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अडाण्यासारखं काही विचारलं होतं.

"बोलली असती त उखळापाशी मी बसली असती, बापा. ते सून होय. ते बसली."

संध्याकाळी ओसरीवर सगळे जमले : कृष्णराव, जागेश्वर, भिंतीला टेकून वच्छला, दारात गोदावरीबाई. मी झाक सांगितली, घनता सांगितली, राख सांगितली. शेवटी म्हणालो, "शिश्या कोणी बदलल्या नाहीत. त्या घरात घासल्या गेल्या, आणि घासल्यामुळे नकली दिसल्या. गोदावरीबाई, सांगा."

"मी कायले घासू?" गोदावरीबाई म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "मले त्या खोलीतलं काय माहीत?"

वच्छलानं उघडा डोळा सासूकडे वळवला. "आत्याबाई, चाबी..."

"कायची चाबी वं?"

 अंगणात वच्छलाची मुलगी कोंबड्यांना कण्या टाकत होती. तिला ऐकू येत होतं, पण ती वळली नाही.

जागेश्वर हसला. "काच खरी असन, मान्य. पण बाबा, तुकडे रातभर कोणापाशी होते? वयनीपाशी. तिनं खऱ्या शिश्या लपवून ठेवल्या असन. अंगावर आलं तेव्हा त्याच राखेनं घासून फोडल्या, आन् कुटलेल्या खोट्या फेकून खऱ्याचे तुकडे भावाच्या पोत्यात भरले. नाही का, डॉक्टर?"

कृष्णरावांनी माझ्याकडे पाहिलं.

जागेश्वरचं म्हणणं दुष्टपणाचं होतं, पण ते चूक आहे असं मला म्हणता येईना. पोतं मी उखळातून भरलं नव्हतं. तुकडे तेच, हे मला फक्त वच्छलाच्या आणि धनीरामच्या शब्दावर माहीत होतं. बुचावरची ती रिकामी खोच आठवली. पण तसं बूच कोणालाही टवकता आलं असतं.

"उखळातलाच आहे असा एकही तुकडा नाही तुमच्यापाशी," जागेश्वर म्हणाला.

"हाय ना," वच्छला म्हणाली.

तिनं पट्टी सोडली. डोळा लाल आणि सुजलेला होता, बुबुळावर पांढरट पडदा आलेला.

"तुमी सर्वे पाहून राहिले होते तेव्हा गेला. सोयरे पाहून राहिले होते. याले मी रातून बदलला का, भाऊजी?"

कृष्णराव बराच वेळ त्या डोळ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "उद्या भंडाऱ्याले न्या."

६

भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी तुकडा काढला. नजर परत येणार नाही असं त्यांनी आत नेण्याआधीच सांगितलं. इतक्या उशिरा कोणीच ती परत आणू शकलं नसतं. वच्छलानं त्यांना एकच विनंती केली : "फेकू नका जी. साक्षीला हाय तो."

कृष्णरावांच्या सांगण्यावरून जागेश्वर दाराशी बसून होता. तुकडा बाहेर येताच त्यानं तो औषधाच्या छोट्या कुपीत घालून घेतला, बुचावर लाख वितळवून लावली आणि आपली अंगठी दाबली. मी ती कुपी उघडली तेव्हा खाणीच्या प्रयोगशाळेत कृष्णराव, जागेश्वर, धनीराम आणि वच्छला असे चौघं होते. गोदावरीबाई आल्या नव्हत्या. लाखेवरचा ठसा जागेश्वरनं स्वतः पाहून बरोबर असल्याचं सांगितलं.

तुकड्याचं वजन अकरा मिलिग्रॅम. इतका लहान तुकडा पाण्यात तोलता येत नाही. पण खनिजं वेगळी करायला आम्ही जड द्रव वापरत असू, ज्यांत दगडसुद्धा तरंगतो. परीक्षानळीत मेथिलीन आयोडाइड घेतलं. त्याची घनता साधारण ३.३. त्यात सोड्याच्या नव्या बाटलीचा एक कण टाकला. तो वर तरंगला. मग वच्छलाच्या डोळ्यातला तुकडा टाकला. तोही वर तरंगला.

"दोन्ही तरंगले," जागेश्वर म्हणाला. "जात एकच."

"थांबा," मी म्हणालो.

आता ब्रोमोफॉर्म, ते थोडं हलकं. एक थेंब घालायचा, नळी हलवायची, थांबायचं. ज्या थेंबाला द्रव आणि काच सारखी जड होतील, त्या थेंबाला काच वरही राहणार नाही आणि तळालाही जाणार नाही. तुकडा २.५०चा असेल, तर नळीत कितीही ब्रोमोफॉर्म ओतलं तरी तो नव्या काचेच्या कणाला सोडून खाली येणार नव्हता. मी हे सांगितलं. कृष्णरावांनी पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं.

"कुठं हाय?" वच्छलानं विचारलं. "डाव्या अंगानं धरा जी. मले दिसू द्या."

मी नळी तिच्या डाव्या बाजूला धरली. धनीरामनं मागे पांढरा कागद धरला. दोन्ही काचा वरच होत्या.

थेंब घातला. हलवलं. वरच.

अजून एक. वरच. जागेश्वरनं घड्याळाकडे पाहिलं. "बस किती वाजता हाय, बाबा?"

"चूप बस," कृष्णराव म्हणाले. त्यांचा श्वास माझ्या मानेवर लागत होता.

अजून पुष्कळ थेंब गेले, नळीतला द्रव दुपटीवर आला. मग एका थेंबानंतर दोन्ही काचांमध्ये केसाएवढी फट पडली. नवा कण वरच राहिला. डोळ्यातला तुकडा पृष्ठभागापासून सुटला, हळूहळू फिरत खाली आला आणि नळीच्या मध्यावर थांबला. प्रकाशात त्याची एक कड जांभळी दिसत होती.

"गेला का तळाले?" वच्छलानं विचारलं.

"नाही. मध्येच थांबला."

मी तुकडा काढून घेतला, द्रव घनता काढायच्या ठरावीक मापाच्या बाटलीत भरला, बाहेरून पुसला आणि तोलला. भागाकार कागदावर केला, आणि कृष्णरावांनी मागितला म्हणून कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो चष्म्याजवळ नेऊन मोठ्यानं वाचला.

तापमान अडतीस अंश. नवी काच : २.५०. देव्हाऱ्यातली शिशी : ३.०६. वच्छलाच्या उजव्या डोळ्यातला तुकडा : ३.०६.